शून्याचा कौल

डॉक्टरेट मिळाल्यापासून विमला गुरवला सगळ्या जगाने एकच प्रश्न विचारला होता: तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं का?

विचारणारे वेगवेगळे होते. कुणी कॅनडातले, कुणी अमेरिकेतले, कुणी आपल्या दिल्लीतले. सगळे आधी गोड बोलत. तुमचा प्रबंध वाचला, फार आवडला, भरती-ओहोटीवर इतकं नेटकं गणित अलीकडे पाहण्यात आलं नव्हतं, वगैरे वगैरे. मग दुसऱ्या परिच्छेदात 'परंतु' यायचा. आमच्याकडचं पुढचं संशोधन आता संगणकावर चालतं, तेव्हा प्रोग्रॅम लिहिण्याचा अनुभव असल्यास कळवावे. नसल्यास काय करावे ते कुणी लिहीत नसे. पण ते न लिहिताही कळण्याइतकी विमला हुशार होती.

ही १९६६ सालची गोष्ट. संगणक म्हणजे काय हे देशात मोजक्या लोकांना ठाऊक, आणि प्रत्यक्ष पाहिलेले त्याहून मोजके. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत एक होता. त्याला जावयासारखा थंडगार खोलीत ठेवला होता आणि विमलाने तो काचेतून पाहिला होता. तिथल्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती फोरट्रान नावाची त्याची भाषा शिकली, सायक्लोस्टाइल केलेली टिपणं मिळवली, पाठसुद्धा केली. पण यंत्रावर बसायची पाळी येण्याआधीच तिची शिष्यवृत्ती संपली. वसतिगृहाची खोली सोडून, ट्रंक एस.टी.च्या टपावर टाकून बाई देवगडजवळच्या आपल्या गावी, मिठबावला परत आल्या. पोहण्याचं पुस्तक तोंडपाठ आणि पाण्यात पाऊल नाही, अशी तिची गत झाली.

नुसती नोकरीच हवी असती तर मुंबईतलं एखादं कॉलेज तिला आनंदाने घेतं. तिला ते नको होतं. प्रबंधासाठी तिने एकट्या देवगड बंदराचं भरती-ओहोटीचं गणित हाताने केलं होतं आणि त्यात तिची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत खाड्या किती, आणि प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. छापील कोष्टकं फक्त मोठ्या बंदरांची. लहान खाडीत शिरणाऱ्याने देवाचं नाव घ्यायचं आणि शिरायचं. तिचा चुलतभाऊ बाबली, जो मचवा, म्हणजे शिडाची होडी, चालवायचा, तो असाच एकदा मिठबावच्या खाडीच्या तोंडाशी रुतला, मचवा आडवा झाला आणि बाबली जेमतेम वाचला. यंत्र हाताशी असेल तर सगळ्या किनाऱ्याचं गणित एका पावसाळ्यात उरकेल हे विमलाला दिसत होतं. हे काम तिला हवं होतं, आणि हवं म्हणजे जेवणखाण गोड लागू नये इतकं हवं होतं.

सगळीकडून नकार आल्यावर एकच जागा उरली होती. उत्तर इंग्लंडातल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक लँगफर्ड. हा गृहस्थ निराळा निघाला. त्याने लिहिलं, अनुभव नाही तर राहू दे, प्रोग्रॅम लिहून पाठवा. सोबत एका बंदरातल्या पाण्याच्या दर तासाच्या उंचीचे आकडे दिले आहेत. भरती कुठे पुरी झाली आणि ओहोटी कुठे पुरी झाली, ते त्या आकड्यांवरून यंत्राने सांगितलं पाहिजे. प्रत्येक उमेदवाराचा प्रोग्रॅम आम्ही आमच्या यंत्रावर एकदा चालवू. एकदाच. ज्याचा चालेल त्याला जागा.

विमलाने मग स्वतःला पडवीत कोंडून घेतलं. एप्रिल सरत होता, घराघरांत आंबे पेट्यांत भरायची धांदल चालली होती, सगळीकडे पेंढाच पेंढा, आणि त्या पेंढ्यात बसून ही बाई इंग्रजी अक्षरं आणि आकडे चौकटीच्या कागदावर मांडत होती. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. स्वतःच चार सोपे आकडे घेऊन मनातल्या मनात चालवून पाहिलं, बरोबर आलं. शेवटी एका सकाळी तिने पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकून आली. अंगावरचं मणाचं ओझं उतरल्यासारखं वाटलं तिला.

ते ओझं दुपारपर्यंत उतरलेलं राहिलं.

दुपारी जेवणं झाल्यावर काशीआतेने तिला धरलं. काशीआते म्हणजे विमलाची आत्या. विमलाची आई गेल्यापासून घर तिच्याच ताब्यात होतं, आणि घरात आपल्याला न कळता काही घडावं हे तिला मुळीच खपत नसे.

"इतके दिस कागदात डोक्या घालून बसलंस," ती म्हणाली. "जेवणाक हाक मारली तर ओ नाय. आता गेला मा ता पाकीट? मगे आता तरी सांग गो, तेच्यात लिवलंस काय?"

"यंत्रान काय करूचा ता लिवलंय, आते. एकेक पायरी."

"तेका आपणाक समाजना नाय?"

"कायच समाजना नाय. सांगला तेवढाच करता. सांगूक नाय, ता करणा नाय."

"सांगला तेवढा करता?" काशीआतेने सोप्यावर लवंडलेल्या बाबलीकडे पाहिलं. "मगे आमच्या बाबलीपेक्षा बराच म्हणूचा."

बाबली हसत उठून बसला. विमलाचे वडील दाजी माजघरातून बाहेर आले. आणि पाकीट गेलं की नाही याची चौकशी करायला आलेले फॉस्टिन मास्तरही नेमके तेव्हाच पुढच्या अंगणात, खळ्यात टेकले. मास्तरांनी विमलाला इंग्रजीचं पहिलं अक्षर शिकवलेलं, त्यामुळे ती इंग्लंडला गेली तर त्यातला अर्धा मान आपला, असं त्यांनी मनोमन ठरवूनच टाकलं होतं.

एवढे श्रोते मिळाल्यावर कुठल्या विद्वानाला राहवेल? विमलाने ठरवलं, सांगायचं कशाला, करूनच दाखवू. माणसांचंच यंत्र करू.

तिने सारवलेल्या खळ्यात रांगोळीने चौकोन काढले. एक चौकोन म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ. बाबलीने ओळीने एकेका चौकोनात उभं राहायचं आणि तिथे जे लिहिलंय ते करायचं. मधे चार करवंट्या ठेवल्या: एकीत पाण्याची आधीची उंची, दुसरीत आताची, तिसरीत दोहोंतला फरक, चौथीत पाणी चढत होतं की उतरत त्याची खूण. काशीआतेच्या सुपात उंचीच्या चिठ्ठ्या. बाबली मागेल तेव्हा तिने पुढची चिठ्ठी द्यायची. उत्तर येईल ते फॉस्टिन मास्तरांनी पाटीवर लिहायचं.

"आणि मिया?" दाजींनी विचारलं.

दाजींचं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं. गावच्या देवळाची पूजा पिढ्यानपिढ्या या घराकडे, आणि कौल लावायचा तो दाजींनी. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो, नवा मचवा असो, भावाभावांतली वाटणी असो, दाजींनी कौल लावल्याशिवाय गावात पान हलत नसे.

"दाजी, हंय तुमचाच काम आसा," विमला म्हणाली. "हो फरक बघूचो. पाणी चढला आसात तर उजवो कौल, बाबली ह्या वाटेन जातलो. उतारला आसात तर डावो, बाबली त्या वाटेन जातलो."

"आणि पाकळी पडलीच नाय तर?"

"म्हणजे फरक शून्य. तेचीव वाट लिवलेली आसा."

दाजींना एवढं पुरलं. ते आत जाऊन उपरणं घेऊन आले. यंत्र असलं म्हणून काय झालं, कौल तो कौल.

आपले सोपे आकडे विमलाने आधी पारखले होतेच, म्हणून आता तिने गंमत म्हणून लँगफर्ड साहेबाचे आकडे चिठ्ठ्यांवर उतरवले. खेळ सुरू झाला. बाबली चौकोनात उभा, आते चिठ्ठी देतेय, करवंट्या भरताहेत, दाजी फरक बघून हात जोडताहेत, "बा देवा म्हाराजा, ह्या पाणी चढता काय उतारता ता सांग," आणि मग मोठ्याने, "उजवो!" बाबली त्या वाटेने. पुन्हा चिठ्ठी. पुन्हा उजवा. पाणी चढतच होतं. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून जाणारीयेणारी माणसं थांबली, टेकली, आणि कुणी न सांगताच प्रत्येक गाऱ्हाण्याच्या शेवटी "व्हय म्हाराजा!" म्हणू लागली. विमलाला हसू आवरेना. काचेआडच्या त्या थंडगार यंत्राला असा थाट कुठला मिळायला!

मग फरक आला शून्य.

"पाकळी पडणा नाय," दाजींनी जाहीर केलं.

बाबलीने त्या वाटेचा चौकोन पाहिला. तिथे लिहिलं होतं: वजाबाकीच्या चौकोनाकडे परत जा. तो परत गेला. त्याच दोन करवंट्या, तीच वजाबाकी, तेच शून्य. दाजींनी उपरणं सावरून गाऱ्हाणं पहिल्यापासून पुन्हा घातलं. व्हय म्हाराजा. पाकळी पडणा नाय. बाबली परत. गाऱ्हाणं. व्हय म्हाराजा. बाबली परत.

आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही! हेच तर नवल. देवळात कौल अडला की माणसं अशीच उभी राहतात. पाय दुखतात, उन्हं कलतात, पण देवाला घाई कोण करणार? काशीआते सूप मांडीवर घेऊन निवांत बसली होती. गडग्यावरच्यांनी तर तंबाखू मळायला घेतला. बाबलीच्या फेऱ्या चालूच होत्या. तोही बिचारा घाम पुसत मुकाट फिरत होता, जन्मात पहिल्यांदाच सांगितलेलं ऐकत होता.

शेवटी फॉस्टिन मास्तरांच्याने राहवेना. त्यांच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, कौल लावायची चाल नव्हती, त्यामुळे त्यांना हा धीर अंगवळणी नव्हता. कोरी पाटी गुडघ्यावर आपटत ते म्हणाले, "दाजी, ह्या कदी संपतला?"

"देवाच्या मनात येयत तेवा," दाजी शांतपणे म्हणाले.

गडग्यावर सगळे हसले. विमलाही हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

देवाच्या मनात. पण तिथे देव कुठे होता? देवळातली पाकळी ओली असते. ती हळूहळू सुकते, वारा लागतो, आणि उजवी म्हणा डावी म्हणा, कधी ना कधी एक पडतेच. म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात शहाणपण असतं. पण दोन आकडे सारखे आले ते आले. आज सारखे, उद्या सारखे, प्रलयापर्यंत सारखे. यंत्रातलं शून्य सुकत नाही. लहानपणापासून देवळाच्या पायरीवर बसून जे पाहिलं होतं तेच तिने नकळत कागदावर उतरवलं होतं: पाकळी पडली नाही, तर पुन्हा विचार. आणि इंग्लंडातलं ते यंत्र पुन्हा विचारणार, पुन्हा विचारणार, शेवटी तिथला माणूस वैतागून ते बंद करणार. आणि फेरी तर एकच होती.

"बाबली, थांब!" ती ओरडली. "थांब. चुकलंय मी. ह्या सगळा चुकला."

ती मटकन खाली बसली. मुंबईला राहून, पदवी घेऊन, एवढी टिपणं पाठ करून शेवटी गुरवाची पोर ती गुरवाचीच पोर राहिली, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. काशीआतेने सूप बाजूला ठेवलं आणि तिला जवळ ओढलं. काय चुकलं ते आतेला कळलं नव्हतं, पण काहीतरी गेलं एवढं कळलं होतं.

"पाकीट सकाळीच गेला," विमला हुंदके देत म्हणाली. "आता ता पोचतला, ते तसाच्या तसा चालवतले, आणि ता यंत्र तुमच्यासारखाच गोल गोल फिरत रवतला."

दाजींनी उपरणं काढून खांद्यावर टाकलं. "पाणी उबा रवला तर खरा तर काय करूचा होता?"

विमलाने डोळे पुसले. प्रश्न सरळ होता आणि सरळ प्रश्नाचं उत्तर द्यायची तिला सवय होती. पाणी उभं राहिलं तर पुन्हा विचारायचंच नाही. आधी चढत होतं ती खूण चौथ्या करवंटीत असतेच, नुसती पुढची उंची घ्यायची. पुढे ते उतरलं की आपोआप कळतं, भरती पुरी झाली. ती बोलता बोलता उठली, खळ्यात वाकली आणि शून्याच्या चौकोनातली 'वजाबाकीकडे परत' ही अक्षरं पायाने पुसून तिथे 'काशीआतेकडे जा' असं लिहिलं.

"चल रे बाबली. परत एकदा."

बाबलीने कुरकुर केली नाही. शून्य आलं, दाजी म्हणाले "पाकळी पडणा नाय," बाबली सरळ काशीआतेकडे गेला. पुढची चिठ्ठी. वजाबाकी. "डावो!" दाजी गरजले. आणि फॉस्टिन मास्तरांनी पाटीवर पहिला आकडा लिहिला: भरती इथे पुरी झाली. मग पाणी उतरत गेलं, तळाशी पुन्हा एकदा उभं राहिलं, पुन्हा चढलं, आणि मास्तरांनी दुसरा आकडा लिहिला. सुपातल्या चिठ्ठ्या संपल्या तेव्हा बाबली शेवटच्या चौकोनात येऊन आपोआप थांबला. गडग्यावरून टाळ्या पडल्या. कागदावर तिन्ही वाटा एकाच ओळीत तीन आकड्यांनी लिहिल्या होत्या, शून्याची वाट मधल्या आकड्याची, आणि तेवढाच चुकला होता. सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच आकडा बदलायचा होता.

"पाकीट गेला तर गेला," मास्तर म्हणाले. "पाकिटाच्या फुडे पळता असा काय आसा गो?"

"तार!" विमला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने ती देवगडला पोचली. तारमास्तरांनी तिचा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. इंग्रजीत लिहिलं होतं: विसाव्या ओळीत मधला आकडा चाळीस नव्हे, सत्तर वाचा. चूक माझी. विमला गुरव.

"बाई, ही तार जाणार नाही," ते ऑफिसच्या मराठीत म्हणाले. "विसावी ओळ, चाळीस, सत्तर. ही सांकेतिक भाषा आहे. गेल्याच वर्षी लढाई झाली. आपला किनारा आहे. परदेशात असला मजकूर मी पाठवला तर उद्या मलाच घेऊन जातील."

"सांकेतिक नाही हो. यंत्राला दिलेल्या सूचनेतली दुरुस्ती आहे."

"कसली सूचना? मला समजेल असं सांगा."

विमलाने फोरट्रानपासून सुरुवात केली आणि तारमास्तरांचा चेहरा आणखी कडक झाला. रांगेतली माणसं माना पुढे काढून ऐकू लागली. पाकीट विमानात चढलं असेल, आणि हा माणूस आपल्याला हेर समजतोय. मग तिने मुंबई, टिपणं, सगळं बाजूला ठेवलं.

"कौल लावलेलो बघलास कदी?" तिने विचारलं.

तारमास्तर दचकले. "न बघूक काय झाला? म्हणजे... पाहिलाय की."

"मगे आयका. यंत्राक मी कौल लावूक सांगलंय. उजवो पडलो तर ही वाट, डावो पडलो तर ती वाट. आणि पाकळी पडलीच नाय, तर परत विचार, असा लिवलंय मी चुकान. तेका पाकळी सुकता म्हायत नाय. ता जलमभर विचारीत रवतला. म्हणान कळवतंय, परत विचारू नको, फुडे जा. ता 'फुडे जा' म्हणजे ते सत्तर."

रांगेतली माणसं हसली. तारमास्तर हसले नाहीत. त्यांनी कागदावरच्या नाव-पत्त्यावर बोट ठेवलं.

"तुमी मिठबावच्या दाजी गुरवाचा चेडू?"

"व्हय."

"माझ्या बदलीचो कौल तेंनीच लावलेलो," ते म्हणाले, आणि तारयंत्राकडे वळले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विमलालाच ठाऊक. पेट्या भरून झाल्या, झाडावर उरलेसुरले आंबे राहिले, माणसं शाकारणीला लागली. ती पोस्टमनची चाहूल घेत खळ्यात फिरायची आणि रांगोळीचे फिकट झालेले चौकोन चुकवून पाय टाकायची. बाबलीने तिला मचव्यातून फिरवून आणलं, आतेने तिच्या आवडीचे घावने केले. कशात तिचं मन लागेना.

आणि एके दिवशी लँगफर्ड साहेबाचं उत्तर आलं. विमलाने ते उभ्या उभ्या वाचलं, मग ओट्यावर बसून वाचलं, मग मास्तरांनी मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांना मालवणीत सांगितलं. साहेबाने लिहिलं होतं: तुमची तार तुमच्या पाकिटाच्या कितीतरी आधी आली. विसावी ओळ कसली आणि सत्तर कसले, यावर आमच्या विभागात रोज चहाच्या वेळी वाद झाले. मग पाकीट आलं, दुरुस्ती केली, प्रोग्रॅम चालवला. यंत्र पहिल्याच फेरीत सगळी उत्तरं देऊन आपोआप थांबलं. ज्यांना यंत्राचा पुष्कळ अनुभव होता अशांचेही प्रोग्रॅम याच जागी अडकले, कारण पाणी उभं राहतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि नंतर त्यांनी यंत्राला दोष दिला. यंत्राने पकडण्याआधी स्वतःची चूक स्वतः पकडणाऱ्या तुम्ही एकट्याच निघालात. जागा तुमची. आणि तुमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या खाड्यांचं गणित करायला यंत्र मोकळं मिळेल.

विमलाने किंकाळी मारली. डॉक्टर झालेल्या बाईने असं ओरडावं का, असं विचारायला कुणी शुद्धीवर नव्हतंच. बाबलीने तिला उचलून खळ्यात गरागरा फिरवलं, आते रडत आणि हसत एकदमच बोलत होती, आणि फॉस्टिन मास्तर आपली पाटी शोधत होते, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विमलाला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. जग एवढे दिवस तिला जो प्रश्न विचारत होतं त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. होय. येतं मला.

पण गावात बातमी पसरली आणि संध्याकाळी भाई परब आले. भाई म्हणजे गावचे मानकरी. देवळात पहिला शब्द त्यांचा.

"बरा झाला, दाजी," ते म्हणाले. "पण चेडू एकटा दर्यापलीकडे जाता. कौल लावक व्हयो."

काशीआतेने लगेच मान हलवली. आनंद ओसरल्यावर तिच्या मनात भीती शिरली होती. बोट, थंडी, परका मुलूख, आणि पोर एकटी. "व्हय गो बाय," ती विमलाचा हात धरून म्हणाली. "देवाक विचारल्याशिवाय माझो जीव थाऱ्यार येवचो नाय."

विमलाने दाजींकडे पाहिलं. दाजी नुसतं "उद्या सकाळी" म्हणाले. डावा पडला तर? ती थांबणार नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मग दाजींनी आयुष्यभर ज्या शब्दावर गाव चालवलं तो शब्द त्यांच्याच पोरीने मोडला असं होणार, आणि त्यानंतर त्यांनी त्या मूर्तीपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? जागा मिळवण्याइतकंच आता हेही कठीण होऊन बसलं होतं.

सकाळी देऊळ भरलं. फॉस्टिन मास्तरही बाहेर पायरीशी येऊन उभे राहिले. दाजींनी सोवळं नेसून पूजा केली, दिवा लावला आणि गाऱ्हाण्याला उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या गुरवाचा चेडू विमला दर्यापलीकडे जाता. ह्या किनाऱ्याच्या पाण्याचा गणित करूक जाता. वाटेत तिका काय इडापिडा आसात, ती दूर कर. परक्या मुलखात तिका बरी माणसां भेटव."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

दाजींनी हात जोडले. पाकळ्यांचं तबक बाजूला तसंच पडून होतं.

"दाजी," भाई हळूच म्हणाले, "पाकळ्यो?"

"पाकळ्यो कित्याक, भाई?" दाजी वळले. "जंय दोन वाटो आसत, थंय कौल लावचो. हंय वाट एकच आसा." मग ते पुन्हा मूर्तीकडे वळले. "देवा, जलमभर तुका विचारीत इलंय. आज विचारूक नाय, सांगूक इलंय. माजा चेडू जाता."

भाई परबांची मान वर झाली. असं याआधी कुणी केलं नव्हतं. विमलाला वडिलांची पाठ तेवढी दिसत होती, आणि तिचे डोळे भरून वाहत होते.

मग बायकांच्या घोळक्यातून एक आवाज फुटला. कौल लावल्याशिवाय जिचा जीव थाऱ्यावर येणार नव्हता ती काशीआते, पदर खोचून, घसा ताणून ओरडली:

"व्हय म्हाराजा!"

आणि तिच्यामागून भाई परबांसकट सगळं गाव ओरडलं.